शेगडीजवळची जागा

त्या रविवारी एका चर्चची घंटा वाजली नाही, आणि समोरच्या चर्चमध्ये शेगडीजवळची जागा रिकामी राहिली.

कुलूपवाल्याची बायको पहाटे झोपेतच गेली होती. डॉक्टर येऊन गेले, मेव्हणी येऊन बसली. पण कोणाला कळवायचं आणि आधी कोणाला, हे काही कुलूपवाल्याला सुचेना. तो स्वयंपाकघरात स्टुलावर बसून एका गिऱ्हाइकाच्या कुलपाला तेल देत राहिला. कुलूप कधीच मोकळं झालं होतं, तरी तो तेल देतच होता.

कळवायची वेळच आली नाही. घंटा वाजवणारा आला नाही म्हणून एका चर्चची मंडळी रस्त्यावर आली, आणि बाई आल्या नाहीत म्हणून दुसऱ्या चर्चची. दोन्ही मंडळ्या रस्त्याच्या दोन कडांना उभ्या राहिल्या आणि कित्येक वर्षांनी एकमेकांशी बोलल्या.

"काय, घंटा गंजली वाटतं तुमची?"

"आमची घंटा ठणठणीत आहे. तुमच्या बाईंनी आमच्या माणसाला घरी डांबून ठेवलं असेल."

"आमच्या बाई उपासनेला उशीर करत नाहीत. तुमच्याच माणसाचा पाय मोडला असेल, आणि त्याची सेवा करत बसल्या असतील बिचाऱ्या."

मग कोणाच्या तरी ध्यानात आलं की घंटा वाजवणारा कुलूपवाला आणि त्याची बायको, एकाच घरातले दोघंही आज आलेले नाहीत. याचा अर्थ काय होतो, ते एकेकाच्या तोंडावर दिसायला लागलं. एका म्हाताऱ्याने टोपी काढली. दोन्ही मंडळ्या कुलूपवाल्याच्या गल्लीकडे चालू लागल्या, अर्थात आपापल्या फुटपाथवरून.

आता ही दोन चर्चं समोरासमोर कशी आली, ते सांगायला हवं.

शहरात प्रोटेस्टंट मंडळी सुरू झाली ती एका खिळेमोळ्यांच्या दुकानाच्या माडीवर. पुढे एका बटणांच्या व्यापाऱ्याने पैसे दिले आणि दगडी चर्च उभं राहिलं. इमारत भक्कम झाली, पण हिवाळ्यात आत बर्फ. म्हणून व्यापाऱ्याने छातीइतक्या उंचीची एक लोखंडी शेगडी आणून पुढच्या बाकासमोर कडेला बसवली आणि तिचं धुराडं भिंतीतून वर काढलं. झालं. निम्मी मंडळी म्हणाली, देवाच्या घरी ऊब हवीच. निम्मी म्हणाली, ऊब आली की झोप येते, आणि झोप आली की सैतान येतो. वाद तीन हिवाळे चालला. शेवटी बिनशेगडीवाले उठले आणि त्यांनी रस्त्याच्या पलीकडे दुसरं चर्च बांधलं. तिथे गारठा इतका, की अंगातला कोट काढायचा नाही असा रिवाजच पडला. इकडे शेगडीवाल्यांनी उलट रिवाज पाडला. आत आलं की कोट खुंटीला. कोट घालून बसला तर शेगडीचा अपमान.

मध्ये एकदा समेट घडवायचा प्रयत्न झाला. दोन्हीकडचे शहाणे एकत्र बसले, गळ्यात गळे घालून रडले आणि एक व्हायचं ठरवून उठले. बाकीच्यांनी मानलं नाही. त्यामुळे दोनाचं एक होण्याऐवजी दोनाची तीन झाली. समेटवाल्यांचं तिसरं चर्च कोपऱ्यावर उभं राहिलं आणि भांडायला कोणीच नसल्याने लवकर ओस पडलं. तिथे आता गाद्यांचं दुकान आहे, आणि शहरातली सगळ्यात शांत जागा तीच आहे.

पुढे काळ बदलला. शेगडीवाल्यांच्या शेगडीचं दार अडकून बसलं, धुराडं कशाने तरी बुजलं, आणि दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा यावर मंडळीत चर्चा सुरू झाली. ती अजून चालू आहे. बिनशेगडीवाल्यांना एका मयत सभासदाच्या इच्छापत्रातून इमारत तापवणारे गरम पाण्याचे नळ मिळाले. शेगडीची बंदी होती, नळांची कुठे होती? नळ भिंतीभर फिरले. म्हणजे आता शेगडीवाले कोट काढून कुडकुडत बसतात आणि बिनशेगडीवाले कोट घालून घामाघूम होतात. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे सुंभ एकाचा जळला आणि ऊब दुसऱ्याला लागली, पण पीळ दोघांचाही कायम.

कुलूपवाला जन्माने बिनशेगडीवाला, बायको शेगडीवाली. लग्न ठरलं तेव्हा दोन्हीकडून नाकं मुरडली गेली. लग्नानंतर दोघांनी काही बदललं नाही. दर रविवारी बरोबर निघायचं, गाद्यांच्या दुकानाशी वेगळं व्हायचं, आणि उपासना सुटली की तिथेच भेटायचं. तो घामाने डबडबलेला असायचा, ती गारठलेली. ती आपले दोन्ही हात त्याच्या कोटाच्या आत, बगलेत घालायची. तो म्हणायचा, "अगं, माणसं बघतात." ती म्हणायची, "बघू देत. तुमच्या मंडळीचा तेवढाच उपयोग."

अंत्यविधी तिच्या चर्चमध्ये झाला. बिनशेगडीवाले आले, मागे उभे राहिले, आणि त्यांनी कोट काढले नाहीत. हे शेगडीवाल्यांनी पाहिलं, पण त्या दिवशी कोणी काही बोललं नाही. एवढा मान मात्र बाईला दोन्हीकडून मिळाला.

पुढच्या आठवड्यात मुख्याध्यापिका बाई दुकानात आल्या. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बराच काळ लोटला होता, पण बाईंनी शाळा सोडली तरी शाळेने बाईंना सोडलं नव्हतं. शेगडीवाल्या मंडळीचा कारभार त्याच बघत. त्यांनी आधी एका किल्लीची चौकशी केली, मग हवेची, मग कुलूपवाल्याच्या जेवणाची.

मेव्हणी डबा घेऊन आली होती. ती म्हणाली, "बाई, ताकाला आलात तर भांडं कशाला लपवता? जागेचं बोला."

बाई किंचित लाल झाल्या. "मी घाई करत नाहीये. फक्त नियम सांगते. आमच्याकडे ज्याची त्याची जागा ठरलेली असते. माणूस गेलं, तर घरच्या कोणीतरी येऊन बसायचं आणि जागा राखायची. शोकाचा महिना सूट आहे. त्यानंतर एक रविवार जरी रिकामी राहिली, तरी जागा मागच्या बाकावरच्याची."

"आणि मागच्या बाकावर कोण बसतं?" मेव्हणीने विचारलं. खरं तर तिला ते ठाऊक होतं.

"मी," बाई म्हणाल्या.

शेगडीशेजारची जागा म्हणजे मंडळीतली सगळ्यात मानाची. शेगडी थंड पडून जमाना झाला होता, तरी लोक आत आले की आधी तिच्यासमोर हात पसरायचे, तळवे चोळायचे, आणि मग आपल्या जागी जायचे.

बाई गेल्यावर कुलूपवाला म्हणाला, "तू बस ना तिथे. बहीण आहेस."

"भाऊजी, मला माझी जागा आहे. देवाने बूड एकच दिलंय."

"मग?"

"मग काय? तुम्ही बसा. नवरा म्हणजे घरचाच माणूस. नियमात कुठे लिहिलंय की तो बिनशेगडीवाला नसावा?"

त्या रात्री कुलूपवाला घरातून फिरत राहिला. घरात बायकोची खुर्ची होती, चष्मा होता, चपला होत्या. पण त्यांतलं काहीच कोणी मागायला आलं नव्हतं. ही एकच गोष्ट अशी होती, जी आपण राखली नाही तर दुसरं कोणी घेऊन जाईल. त्याने ठरवलं, जागा जाऊ द्यायची नाही.

महिना संपला आणि त्याची धावपळ सुरू झाली. आपल्या चर्चची घंटा वाजवायची, दोर खुंटीला गुंडाळायचा, आणि रस्ता ओलांडून पळत सुटायचं. शेगडीवाल्यांच्या दाराशी कोट काढायचा, शेगडीसमोर हात पसरायचे, बसायचं. मग उपासना संपायच्या आत परत पळायचं, कारण शेवटची घंटाही त्यालाच वाजवायची असायची.

त्याच्या चर्चचे पाळक तरुण होते. त्यांनी त्याला दारात गाठलं. "काका, तुम्ही घंटा वाजवून लोकांना आत बोलावता आणि स्वतः बाहेर पळता. लोक विचारतात, यांना काय माहीत आहे जे आम्हाला माहीत नाही?"

"साहेब, उपदेश तुमचाच चांगला आहे," कुलूपवाला म्हणाला. "पण जागा तिकडे आहे."

पलीकडेही कुजबुज होतीच. नवा माणूस हात नीट पसरत नाही, गीताला उशिरा उठतो, आणि शिंकतो किती! जन्मभर कोट घालून उबेत बसलेला माणूस तो. तिसऱ्या रविवारी तर त्याने उपदेशात इतक्या शिंका दिल्या की म्हातारे पाळक थांबले आणि म्हणाले, "बंधूंचं झालं की मी पुढे बोलतो."

मेव्हणीने काढा नाकाखाली धरत सुनावलं, "न्यूमोनिया होऊन जाल, भाऊजी. मग जागाही जाईल आणि माणूसही. ताईला वर काय तोंड दाखवू मी?"

"ती कशी बसत होती गं इतकी वर्षं?"

"हट्टाने. दुसरं काय होतं तिच्याकडे?"

तेव्हा कुलूपवाल्याच्या डोक्यात आलं की शेगडीच पेटवावी. धुराड्याचं मग बघता येईल, आधी दार. दार अडकलं आहे म्हणजे कडीचं काम, आणि कडीकोयंडा हा तर आपला धंदा. त्याने बाईंना विचारलं. बाई जरा थबकल्या, पण नाही म्हणाल्या नाहीत. बुधवारी त्यांनी चर्च उघडून दिलं आणि मागे आपल्या बाकावर बसून राहिल्या.

त्याने हत्यारांची पिशवी उघडली. कडी गंजली होती. तेल सोडलं, थोडा वेळ जाऊ दिला, हातोडीने अलगद ठोकलं, परत तेल सोडलं. कडी सुटली. त्याने दार बोटभर उघडून आत टॉर्च धरला.

आत गोळ्यांचे कागद होते. लिंबाच्या गोळ्यांचे, पिवळे, चकचकीत कागद, हातभर उंच ढीग. शेगडीच्या कुशीला हवेसाठी बारीक फटी होत्या, आणि त्या फटी बरोबर बायकोच्या जागेकडे होत्या. प्रत्येक कागदाची घडी घालून त्रिकोण केलेला. हा त्रिकोण कुलूपवाल्याने डोळे मिटून ओळखला असता. बसचं तिकीट असो, दुकानाची पावती असो, हातात कागद आला की बायको त्याचा असाच त्रिकोण करायची.

बायकोला साखर मना होती. डॉक्टरांनी बजावलं होतं. तिला एकटीला वाईट वाटू नये म्हणून कुलूपवाल्यानेही साखर सोडली होती. किती वर्षं तो बिनसाखरेचा चहा पीत होता, आणि पिताना दर वेळी त्याचं तोंड कडू व्हायचं. ती म्हणायची, "सवय होईल हो." आणि दर रविवारी इथे बसून, उपदेश ऐकत, गोळ्या चघळत होती! त्याला आधी राग आला. मग पोटातून हसू आलं. ती गेल्यापासून पहिल्यांदाच. ते त्याने शिंकेत घालवलं.

"काय आहे आत?" मागून बाईंनी विचारलं.

आपली बायको म्हणजे मंडळीतली मानाची बाई. सगळ्या शहरात जिच्या पथ्याचं कौतुक. कुलूपवाल्याने दार लावून घेतलं.

"काही नाही, बाई. राख आहे."

"राखच?"

"राखच. मी शनिवारी येऊन काढून टाकतो."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि किल्ली त्यांनी पर्समध्ये टाकली.

शनिवारी तो गेला तर चर्चला कुलूप. बाई घरी नाहीत. कुलूप उघडणं त्याला अवघड नव्हतं, पण चर्चचं कुलूप किल्लीशिवाय उघडायचं नाही, एवढं पथ्य तो पाळत होता. उद्या लवकर जाऊ, असं म्हणून तो परतला.

रविवारी तो लवकर गेलाच असता. पण आपल्या चर्चची घंटा चुकवायची नव्हती. तो दोर ओढत होता तेव्हा मनोऱ्याच्या खिडकीतून त्याला समोरचं चर्च दिसलं. धुराड्यातून काहीच निघत नव्हतं. धूर निघत होता तो खिडक्यांतून, दारातून आणि कौलांच्या फटींतून. त्याच्या आधीच कोणीतरी शेगडी पेटवली होती, आणि बुजलेल्या धुराड्याने सगळा धूर परत आत सोडला होता.

कुलूपवाला घंटा वाजवतच राहिला. थांबावं की जोरात वाजवावी, हे त्याला कळेना. त्यामुळे सगळी गल्ली बाहेर आली. शेगडीवाले खोकत, डोळे पुसत, सदऱ्यांवर आणि पोलक्यांवर रस्त्यात उभे. कोट आत खुंटीला. वरून बर्फाची भुरभुर. तरुण पाळक दारात आले आणि ओरडले, "आत या! उभे काय राहिलात?"

शेगडीवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. तीन पिढ्यांत त्यांच्यापैकी कोणी त्या दारातून आत गेलं नव्हतं. मेव्हणी पुढे झाली. "मरायचं तर उबेत मरू," असं म्हणून ती आत शिरली. तिच्यामागे सगळे.

इकडे बिनशेगडीवाले बादल्या घेऊन पलीकडे धावले. आग अशी नव्हतीच. ओल्या लाकडाखाली कागद धुमसत होते. चार बादल्यांत काम झालं. पण परत यायची त्यांनी घाई केली नाही. धूर गेला, खिडक्या उघड्या राहिल्या, छान गार वारा येऊ लागला, आणि अंगात कोट होतेच. एक जण बाकावर टेकला. दुसरा टेकला. "काय बरं वाटतंय हो," असं कोणीतरी म्हणालं आणि लगेच गप्प झालं. समोर सदऱ्यांवरचे शेगडीवाले गरम नळांना पाठ लावून बसले होते आणि त्यांची नाकं हळूहळू मूळ रंगावर येत होती. त्या दिवशी तासभर सगळं शहर, निदान त्यातलं जे प्रोटेस्टंट होतं ते, चुकीच्या चर्चमध्ये सुखात होतं.

एकच गोष्ट सगळ्यांना खटकत होती. धुराला लिंबाचा आणि जळक्या साखरेचा वास होता. तो सगळ्यांच्या कपड्यांना लागला होता.

कुलूपवाला मनोऱ्यावरून उतरला तेव्हा उपासना सुरू झाली होती आणि मुख्याध्यापिका बाई शेवटच्या बाकावर एकट्या बसल्या होत्या. चेहऱ्यावर काजळी, केस विस्कटलेले. शाळेतल्या कोणी त्यांना असं पाहिलं असतं तर ओळखलंच नसतं.

तो शेजारी बसला. "कोणी पेटवली?"

"मी."

"मी म्हटलं होतं ना, शनिवारी काढतो म्हणून?"

"म्हणूनच पेटवली." बाई समोर बघत म्हणाल्या. "तुम्ही राख म्हणालात. मला माहीत होतं राख नाहीये ते. म्हटलं, तुम्ही काढायला बसलात आणि कोणी बघितलं तर? एकदा जळून गेलं की मिटलं. धुराडं बुजलंय हे ध्यानातच राहिलं नाही."

कुलूपवाला त्यांच्याकडे वळला. "तुम्हाला माहीत होतं?"

"निम्मे कागद माझे आहेत."

पुढे बाक करकरला. कोणी वळून पाहत नाही याची खात्री करून बाई खालच्या आवाजात बोलू लागल्या. "उपदेश सुरू झाला की ती हात मागे करायची. मी एक गोळी ठेवायची, किंवा ती मला द्यायची. एक रविवार तिचा, एक माझा. मग मी कागद पुढे द्यायची, ती घडी करून फटीत टाकायची. मी जन्मभर पोरांना वर्गात खाल्लं म्हणून उभं केलंय हो. आणि तिला साखर मना आहे हे मला ठाऊक होतं. म्हणून बोलले नाही."

"म्हणून जागा हवी होती? कागदांसाठी?"

"नाही," बाई म्हणाल्या. "मागे बसलं की समोर ती जागा दिसते. त्यात कोणी दुसरं बसलेलं दिसतं. तुम्ही बसता ते दिसतं, आणि तुम्ही हात मागे करत नाही. त्यापेक्षा तिथे मीच बसले तर निदान दिसणार तरी नाही."

 आजवर कुलूपवाल्याला वाटत होतं की ती जागा गेली तर नुकसान फक्त आपलंच.

"ती गेली तो रविवार माझा होता," बाई म्हणाल्या. त्यांनी पर्स उघडली. आत कागदाची पुडी होती, न उघडलेली.

"द्या एक," कुलूपवाला म्हणाला.

"उपासना चालू आहे."

"म्हणूनच द्या."

दोघांनी एकेक गोळी तोंडात टाकली. इतक्या वर्षांनी साखर लागली तर कुलूपवाल्याला ती फार गोड वाटली, थोडी नकोशीच. कागदांचं काय करायचं ते दोघांनाही कळेना. बाईंनी ते परत पर्समध्ये टाकले.

"बाई, जागा तुम्ही घ्या," तो म्हणाला.

"नियमाने ती तुमची आहे. तुम्ही राखली."

"आज मी कुठे होतो? घंटेशी. आजचा रविवार रिकामा गेला."

"आज सगळ्यांच्याच जागा रिकाम्या होत्या. तो धरत नाहीत."

"धरा. कारभार तुमचाच आहे. आणि मला किती शिंका येतात ते तुम्ही ऐकलंय."

बाईंनी नियम मनातल्या मनात वरखाली केला. मग त्यांनी मान हलवली. कुलूपवाल्याला वाटलं होतं की छातीतून काहीतरी निघून जाईल. तसं झालं नाही. दुखत होतं तिथेच दुखत राहिलं, पण आता ते एकट्याचं नव्हतं.

पुढच्या रविवारी सगळे आपापल्या चर्चमध्ये परत गेले. कोट काढणाऱ्यांनी काढले, घालणाऱ्यांनी घातले. दोन्हीकडच्या पंचांनी ठराव केला की त्या दिवशी जे झालं त्याला समेट म्हणू नये. कुलूपवाला घंटा वाजवून आपल्या चर्चमध्येच बसला आणि त्याला भरपूर घाम आला. मेव्हणी नंतर सांगत आली की बाई पुढच्या बाकावर ताठ बसल्या होत्या, आणि उपदेशात एकदा सवयीने त्यांनी हात पुढे केला, शेगडीला लागला, आणि मागे घेतला.

धुराडं साफ करणारा माणूस येऊन बघून गेला. तो म्हणाला, वर पक्ष्यांची घरटी आहेत, ती काढता येतील. पण आधी खाली शेगडीतला अर्धवट जळलेला कचरा उपसून द्या. ते काम मंडळीने कुलूपवाल्याकडे दिलं. कडी त्यानेच उघडली होती, दार त्यालाच माहीत. मेव्हणी दर आठवड्याला विचारते, "काय भाऊजी, झालं का?" तो म्हणतो, बघतो. हत्यारांची पिशवी भरलेली आहे आणि बाईंनी किल्लीही देऊन ठेवली आहे.

शेगडी अजून उपसलेली नाही.